सत्यभामाबाईचा कोंडवाडा

आमच्या गावातला ग्रामपंचायतीचा कोंडवाडा पडून बरीच वर्षं झाली. कुणाचं काही अडलं नाही, कारण सत्यभामाबाईचं अंगण होतं. एक म्हैस, दोन गाई, अकरा बकऱ्या, एका डोळ्याचा कुत्रा, मोजता न येणाऱ्या कोंबड्या आणि वीटभट्टीवाल्यांनी मागे टाकलेलं एक लंगडं गाढव. यातली म्हैस तेवढी विकत घेतलेली. बाकी कुणाला एखादं जनावर नकोसं झालं की तो पहाटे ते तिच्या फाटकाला बांधून पसार व्हायचा. बाई उठली की बांधणाऱ्याच्या नावानं शिव्या सुरू, आणि शिव्या चालू असतानाच जनावराला पाणी. आमच्याही घरून मांजराची चार पिल्लं तिकडे गेलेली आहेत. हे तिला अजून ठाऊक नाही.

तिचा मुलगा राजदीप दारव्ह्याच्या रस्त्यावर जीप चालवतो. त्याच्यासाठी तीन वेळा मुलीकडचे घर पाहायला आले आणि नाकाला दस्ती लावून परत गेले. तिसऱ्या वेळी होणाऱ्या विहिणीचा पदर बकरीनं चघळला. मी पाहिला तो चार बोटं. गोष्ट दारव्ह्याच्या स्टँडवर पोचेपर्यंत त्याचं अर्धं लुगडं झालं होतं.

चौथं स्थळ उमरखेडकडचं आलं. मुलगी प्रियंका, बाप डोमाजी. येत्या रविवारी दोघं येणार, असा निरोप आला.

राजदीप म्हणाला, “आई, या टायमाले एक बी जनावर दिसलं तं मी जीपमधीच बिऱ्हाड करतो.”

चौदा एप्रिलच्या जयंतीचा आठवडा होता, घरोघर चुना चालला होता. बाईनं पदर खोचला. वर्षभराचा उकिरडा तीन ट्रॉल्या भरून शेतात गेला. दावणीचे खुंटे उपटले, गव्हाणीला, भिंतीला चुना मारला, अंगण सारवलं. जनावरं नाल्यापलीकडे लालीबाईच्या वाडीत नेली.

लालीबाई म्हणाली, “गधा बी मीच ठेवू का? मायासाठी सोयरीक पाहून राह्यली का तू?”

“दोनच दिवस ठेव ना वं माय. माया पोराचं जमू दे.”

एक खुडूक कोंबडी मात्र राहिली. ती घरात कोपऱ्यात अंड्यांवर बसली होती, आणि अंडी हलवली तर वाया जातात. बाईनं जागच्या जागी तिच्यावर डालगं पालथं घातलं आणि वरून जुनं लुगडं टाकलं.

रविवारी पाहुणे आले. डोमाजीनं बसण्याआधी अंगणाला एक फेरी मारली आणि चुकीच्या गावाला उतरल्यासारखा चेहरा केला. चहा आला. त्यानं एक घोट घेतला.

“दूध पिशवीचं हाय?”

“हो मामाजी,” राजदीप म्हणाला.

“आमी तं आयकलं होतं का तुमच्या घरी लय जनावरं हायत.”

“छ्या! कोणं सांगतलं? आमच्या घरी असला पसारा नाईच.”

डोमाजीनं कप खाली ठेवला. खुंट्यांची ताजी भोकं त्यानं पाहिली होती. भोकं ताजी आणि दावण रिकामी, म्हणजे जनावरं विकली, असाच अर्थ आमच्याकडे निघतो.

“माही पोरगी पशुसखी हाय,” तो म्हणाला. “गावभर बकऱ्याईले, कोंबड्याईले लस टोचत फिरते. जनावरवालं घर हाय म्हणूनच ते आली. जनावरंच नाईत तं मंग निघतो आमी.”

तो चपला शोधायला लागला. बाईनं मुलाकडे पाहिलं. खरं बोलावं तर मुलगा खोटा ठरतो आणि गप्प राहावं तर सून जाते. ती उठली, कोपऱ्यात गेली आणि डालग्यावरचं लुगडं ओढून काढलं.

“पोरगं खोटं बोललं भाऊ. पण जनावरं म्याच लपवली. थे सारी नाल्यापलीकडं हायत.”

डोमाजी काही बोलायच्या आत प्रियंका डालग्यापाशी जाऊन बसली होती.

“किती दिस झाले, मावशी?”

“आज अठरा.”

“मंग बुधवारी पिल्लं निघतीन. हलवू नोका.”

मग सगळी वरात नाल्यापलीकडे गेली. तिथं प्रियंकानं बकऱ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि गाढवापाशी थांबली.

“हे किती दिसापासून लंगडते?”

“दोन साल झाले,” बाई म्हणाली.

“अन् कोणं खूर उचलून पाह्यला नाई? वाढला हाय थो. कापला का चालते बरोबर.” तिनं राजदीपकडे पाहिलं. “पाय धरा याचा.”

नवा कोरा पांढरा शर्ट घातलेला राजदीप गाढवाचा पाय मांडीवर घेऊन बसला.

“खोटं काहून बोलले?”

“तुमी बी नाक दाबसान, असं वाटलं.”

“नीट धरा.”

लग्नाआधी दोघांचं बोलणं झालं ते एवढंच, असं लालीबाई सांगते. ती सांगते त्यातलं निम्मंच मी लिहिलं आहे.

परत आल्यावर डोमाजी ओट्यावर बसला आणि म्हणाला, “आता म्हशीच्या दुधाचा चहा पाजा.” सोयरीक जुळली.

संध्याकाळी जनावरं घरी आली. गाढवानं भिंतीच्या चुन्याला कूस घासली आणि ते पांढऱ्या कुशीनं गावभर हिंडलं. भिंतीवर उरलेला डाग राजदीप पुन्हा रंगवायला निघाला, तर बाई म्हणाली, “राहू दे.”

लग्न बुद्ध पौर्णिमेला झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे फाटकाला दोन करडं बांधलेली होती. कुणी बांधली ते मला ठाऊक आहे. सत्यभामाबाईनं दारातून शिव्या सुरू केल्या, पण पाणी घेऊन ती फाटकाशी पोचली तेव्हा सुनेची बादली आधीच तिथं होती.