शबनमच्या पाठीवर दस्तगीर

लातुरात लग्नाची घोडी म्हटलं की दस्तगीरचं नाव निघायचं. किती नवरदेव त्यानं घोडीवर चढवले, पण स्वतः कधी बसला नाही. लगाम धरून वरातीपुढं चालणं हेच त्याचं काम. त्याची पांढरी घोडी शबनम भूकंपाच्या साली जन्मलेली. त्या साली आसपास लग्नं कुठली व्हायला! घरात खायची ओढाताण होती, तरी त्यानं शिंगरू विकलं नव्हतं.

शबनम उतारवयाला लागली आणि दस्तगीरला लकवा मारला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. बसवलं की तो कलंडायचा. बायको चांदबी उशा लावून लावून थकली. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या अंबिकाला घोडीचं कळलं तेव्हा ती म्हणाली, "चाची, काही ठिकाणी असल्या पेशंटला घोड्यावर बसवतात. घोडं चाललं की कंबर हलते, तोल सुधारतो. पण डॉक्टरांना विचारून, आणि दोन्ही बाजूंनी धरूनच."

मुलगा मुनीब उखडला. गल्लीत ट्यूशनच्या पोरांसाठी घरोघर खोल्या उठत होत्या. त्याला तबेल्याची जागा हवी होती. "अम्मी, आता वराती कारमधून निघून राहिल्या. घोडी कशाला? आन् अब्बा पडले तर?"

"खाटेवरूनबी पडूनच राहिलेत की," चांदबी म्हणाली.

डॉक्टरांनी हो म्हटलं. सकाळी ओट्याला घोडी लावून दस्तगीरला वर चढवलं. एकीकडं मुनीब, दुसरीकडं अंबिका, लगाम चांदबीच्या हातात. शेजारच्या खोलीतली ट्यूशनची पोरं खिडकीतून ओरडली, "चाचा, नवरी कुठंय?" दस्तगीरच्या डोळ्यांत पाणी आलं. "उतरव," एवढंच तो कसंबसं बोलला. चांदबीनं उतरवलं नाही.

पुढं पुढं तो ताठ बसू लागला. एकदा क्लासची जाहिरात करणारी रिक्षा भोंग्यावर बँडची धून वाजवत आली. शबनमला वाटलं, वरातच! ती पुढचे पाय उचलून नाचू लागली. मुनीबचा चेहरा पांढरा पडला. दस्तगीरनं मात्र उजव्या हातानं आयाळ धरली आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच खदखदून हसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तीच पोरं नंतर लिदीच्या वासाला कंटाळली. शेजारच्या खोल्या रिकाम्या होऊ लागल्या, तसे घरमालक भांडायला आले. मुनीब म्हणाला, "अब्बा आता बसून राहिलेत की बिनउशीचं. अजून काय पाहिजे?" औषधं त्याच्याच कमाईवर चालली होती. चांदबीनं नवऱ्याला विचारलं, घोडी द्यायची का. तो म्हणाला, "दे."

शिरूर अनंतपाळचा केरबा घोडी विकत घेऊन गेला. त्यानंतर दस्तगीरनं व्यायामाला हात लावू दिला नाही. अंबिका येऊन बसायची, बोलायची, परत जायची. पावसाळा सरता सरता तो आपणहून भिंतीला धरून दारापर्यंत चालला. त्यापुढं सुधारणा झाली नाही.

एक दिवस चांदबी घोडीला बघायला एकटीच शिरूरला गेली. केरबानं घोडी पुढं विकली होती, हदगावकडं कुणाला तरी. त्याला नावही सांगता येईना.

ती घरी आली तेव्हा दस्तगीर जागाच होता.

"कशी हाय?"

"मजेत हाय."

"खाती?"

"लई खाती."

चांदबी चूल पेटवायला आत गेली. धूर डोळ्यांत गेला म्हणून बराच वेळ ती बाहेर आली नाही.