आईच्या डोळ्यांखाली

आईनं जन्मात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि मी तिच्या तोंडावर हसले. वर्ष होऊन गेलं त्याला. माझा राग नाकावर असतो, पण त्या दिवशी तर राग नव्हताच, नुसतं हसू होतं. रागावले असते तरी बरं झालं असतं.

झालं असं की आईच्या दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. चाळीस वर्षांपूर्वी कुही गावच्या शाळेत शिकलेली मंडळी. कोणी पुण्याला, कोणी रायपूरला, कोणी तिथंच धान पेरतात. कोणीतरी खटपट्या माणसानं सगळ्यांचे नंबर जमवले आणि जानेवारीत शाळेतच स्नेहमेळावा घ्यायचं ठरवलं. आजकाल गावोगाव असे मेळावे होतात. जुन्या गुरुजींना, बाईंना बोलवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, फोटो काढायचे, जेवायचं आणि थोडं रडायचं.

मग ग्रुपवर वर्गाचा काळा-पांढरा फोटो आला. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी माझी आई, दोन वेण्या आणि टपोरे डोळे. तिच्या बाकावर बसणारी मैत्रीण आता पुण्यात असते. तिनं फोटोखाली लिहिलं, हे डोळे कोणाचे, ओळखा बघू. वीसेक जणांनी धडाधड आईचं माहेरचं नाव लिहिलं. लग्नात बदललं तेव्हापासून त्या नावानं तिला कोणी हाक मारली नव्हती. मलाही ते नाव वाचताना परक्या बाईचं वाटलं. आई मात्र त्या दिवशी फॉल लावता लावता गुणगुणत होती.

फॉल लावणं हेच तिचं काम. बाबा गेले तेव्हा मी आठवीत होते. तेव्हापासून गांधीबागेच्या बाजारातल्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावायचा, बिडिंग करायचं म्हणजे कडा दुमडून शिवायच्या, गठ्ठा परत पोचवायचा. काळ्या साडीवर काळा धागा, जांभळ्यावर जांभळा. हुडकेश्वरच्या आमच्या दोन खोल्यांत खिडकी एकच आणि तिच्याखाली आईची मशीन. माझं शिक्षण त्याच खिडकीत झालं असं म्हटलं तरी चालेल. आता मी एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहे, तिला म्हणते सोड आता, पण ती काही सोडत नाही. टपोरे डोळे कधीच आत गेलेत. खाली काळं, जांभळट, आणि त्यावर बारीक सुरकुत्यांचं जाळं. छप्पन्न वर्षांची आहे, पण अनोळखी माणूस तिला आजीच म्हणतो.

पुढं ग्रुपवर सगळे आपापले आत्ताचे फोटो टाकू लागले. आईच्या नावापुढं गुलाबाचं फूल होतं, ते फूलच राहिलं. पुण्याच्या मैत्रिणीचा फोटो तिनं दोन बोटांनी मोठा मोठा करून पाहिला आणि मला विचारलं, डोळ्याखालचं काळं जाते का वं कोणत्या क्रीमनं? मी हसले ते तेव्हा. म्हटलं, ह्या वयात कोणाले दाखवायचं आहे तुले? ती सुईत धागा ओवत होती. वर न बघता म्हणाली,

"दाखवायचं नाही मले. त्यायनं ओळखलं पाहिजे, बस."

आता जे सांगते ते सांगताना लाज वाटते. माझ्याकडे डोळ्यांची क्रीम होती. साडेआठशे रुपयांची, काचेची बाटली, सेलमध्ये मागवलेली. आईचं काळं माझ्याही डोळ्यांखाली उतरलंय, म्हणून चौतिसाव्या वर्षीच मी ती लावायला लागले होते. बाटली बेसिनवरच्या फळीवर असायची. त्या संध्याकाळी मी ती उचलून कपाटात स्वेटरांमागे ठेवली. आईनं मागितलीही नव्हती. तरी ठेवली. एवढीशी तर बाटली, दोघींना कशी पुरेल, असं मनाला समजावलं आणि तिच्यासाठी स्वस्तातली शोधायला बसले.

शोधलं मात्र अगदी मन लावून, म्हणजे मला मी फार गुणाची पोरगी वाटावी इतकं. फोनवर लोकांचे अभिप्राय वाचले, घटक वाचले. कॅफिननं सूज उतरते, व्हिटॅमिन सीनं काळेपणा जरा हलका होतो, रेटिनॉलनं सुरकुत्या कमी दिसतात पण ते जपून लावायचं, सुवासिक असेल ते डोळ्यांजवळ नकोच. सगळं हवं आणि दोनशेच्या आत हवं. आखूडशिंगी, बहुदुधी गाय शोधत होते मी. एका रविवारी आईला घेऊन आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरची पोरगी माझ्याकडेच बघून बोलत होती, मॅडम तुमच्यासाठी हे घ्या, ते घ्या, सातशेचं, नऊशेचं. क्रीम आईला पाहिजे म्हटल्यावर तिनं आईकडे एकदा पाहिलं आणि सरळ कोल्ड क्रीमचा डबा पुढं केला. मी तिला चांगलं झापलं. आई माझी बाही ओढत होती.

शेवटी मेडिकलवाले काका स्वतः उठून आले. आईनं त्यांनाच विचारलं, दीड महिन्यात जाते का? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि खरं ते सांगितलं. जात नाही मावशी, थोडं हलकं होते, झोप पाहिजे, उन्हात जपावं लागते, आणि जुनं काळं असन तर क्रीम तरी काय करन. पी हळद आणि हो गोरी असं काही नसतं हे मीही सांगितलं होतं, पण सोनारानंच कान टोचावे लागतात. आईनं एका बोटानं डोळ्याखाली चाचपून पाहिलं. मग म्हणाली, हलकं झालं तरी चालते. एकशे नव्वद रुपयांची, पंधरा ग्रॅमची, कॅफिनवाली ट्यूब घेतली आम्ही. घरी येईस्तोवर तिनं ती हातातच धरली होती, पिशवीत टाकलीच नाही.

लावायची कशी ते मी व्हिडिओत पाहून शिकवलं. करंगळीशेजारच्या बोटानं हलके हलके थापायची, घासायची नाही. तिनं थापून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. वीस वर्षं सुई टोचून टोचून तिच्या बोटांची टोकं खरखरीत झाली आहेत. डोळ्याखालच्या नाजूक कातडीला ती बोचत होती. मग तिनं बोट उलटं केलं आणि नखाच्या वरच्या बाजूनं क्रीम लावायला लागली. मोहरीएवढी घ्यायची, रोज सकाळ-संध्याकाळ, न चुकता. मला म्हणता आलं असतं, थांब, मी लावून देते. माझी बोटं मऊ आहेत. मी दिवसभर कीबोर्डच तर बडवते. पण नाही सुचलं तेव्हा.

रोज जेवताना ती विचारायची, फरक पडून राहिला का वं? मी हो म्हणायची. फोनमधून डोकं वर न काढता हो म्हणायची. ट्यूब अर्धी झाली, डिसेंबर संपला, आणि आई गांधीबागेचा गठ्ठा लवकर संपवून नऊलाच झोपायला लागली. झोप पाहिजे म्हणाले होते ना काका.

मेळाव्याच्या सकाळी ती आरशापुढं बराच वेळ बसली होती. चिंतामणी रंगाची साडी, मीच घेऊन दिलेली. मी मागून गेले आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. कातडी जराशी मऊ झाली होती, एवढंच. काळं होतं तिथंच होतं. मी कपाट उघडलं, स्वेटरांमागून बाटली काढली आणि म्हटलं, आज हे लाव, चांगलं आहे. तिनं आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. ते तुह्यं महागाचं आहे, म्हणाली, माहीत आहे मले, स्वेटरं उन्हात टाकताना पाहिलं होतं. तुले पुरणार नाही, राहू दे. मी बाटली परत बेसिनवरच्या फळीवर ठेवली.

कुहीपर्यंत माझ्या स्कूटीवर गेलो. धुळीनं चेहरा खराब होऊ नये म्हणून आईनं माझा स्टोल फक्त डोळे दिसतील असा घट्ट बांधला होता. धान कापून झालेल्या शेतांच्या बांध्या दोन्ही बाजूंना नुसत्या खुंटांच्या पडल्या होत्या. वाटेत ती मागून सारखी बोलत होती. ती पुण्याची मले लांबूनच ओळखते पाह्य, म्हणाली, माह्या वहीतून गणितं उतरवायची ती, आणि गुरुजी मलेच ओरडायचे. शाळेच्या फाटकाशी मांडव होता. आईनं स्टोल सोडला, पदर सारखा केला आणि मला विचारलं, ठीक दिसते ना मी? मी मस्त म्हटलं आणि गाडी लावायला मागच्या भिंतीकडे गेले. तिथं गर्दी होती, पंधरा मिनिटं गेली असतील.

परत आले तर दाराशी टेबलावर नावांचे बिल्ले मांडले होते. आईच्या माहेरच्या नावाचा बिल्ला तिथंच पडलेला. मला वाटलं, घ्यायचा विसरली. आत पाहिलं तर आई मागं कुठंच नव्हती. ती पहिल्या रांगेत सोफ्यावर बसली होती, दोन म्हाताऱ्या गुरुजींच्या बाजूला. हातात गुलाब, समोर चहाचा कप. एकेक जण येऊन वाकून तिच्या पाया पडत होता.

काय झालं ते कळायला मला वेळ लागला नाही. ग्रुपवर मी वाचलं होतं, शाळेत तेव्हा शिवणाच्या एक तरुण बाई होत्या, दोनच वर्षं होत्या, त्यांना निरोप गेला होता आणि त्या येतील की नाही हे नक्की नव्हतं. दाराशी आई उतरली, आणि कोणीतरी, या बाई, या, करत हाताला धरून तिला पुढं नेऊन बसवलं. मी तरातरा पुढं गेले. तोंड उघडणार तेवढ्यात आईनं माझं मनगट पकडलं, चांगलं आवळून. तेव्हाच ती समोर आली, पुण्याची मैत्रीण. फोटोतल्यासारखीच होती, नितळ. तिनं वाकून आईच्या दोन्ही पायांना हात लावला, वर पाहिलं आणि विचारलं,

"बाई, मला ओळखलंत का?"

आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ओळखलं ना, शेजारणीच्या वहीतून गणितं उतरवायची ती तू. मैत्रीण खळखळून हसली, अगबाई, तुम्हाला ठाऊक होतं, म्हणाली. मग हसता हसता तिचा चेहरा उतरला.

"तीच नाही आली बघा अजून. सकाळपासून तिच्यासाठी दाराकडे डोळे लावून बसलेय मी."

"असन काही अडचण तिची," आई म्हणाली, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सत्कार सुरू व्हायच्या आत आई उठली. बाजूच्या गुरुजींना बरं वाटत नाही म्हणून सांगितलं आणि माझा हात धरून बाहेर आली. दुसऱ्या कोणाच्या नावाची शाल ती घेणारच नव्हती. फाटकाबाहेर मी फणफणले. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं, मी तीच आहे म्हणायचं होतं, काय झालं होतं तोंडाला? आई स्टोल बांधत होती. वाकली होती ना वं ती, म्हणाली, पाया पडलेल्या माणसाले काय सांगू, एवढ्या लोकांत ती मेल्याहून मेली झाली असती. परतीच्या वाटेवर मी पुढं बसून रडले आणि हेल्मेट होतं म्हणून बरं झालं.

संध्याकाळी ग्रुपवर दीडशे फोटो आले. एका फोटोत आई गुरुजींच्या रांगेत होती आणि खाली लिहिलं होतं, शिवणाच्या बाई लवकर गेल्या, सत्कार राहून गेला. त्याच्याखाली न आलेल्यांची यादी. पहिलंच नाव आईचं. मग मैत्रिणीचा वेगळा मेसेज आला, का नाही आलीस गं, किती वाट पाहिली. आईला मोठे मेसेज लिहिता येत नाहीत. ती मशीनजवळ बसली आणि मला म्हणाली, लिही, अचानक पाहुणे आले घरी. मी लिहिलं. लगेच उत्तर आलं. निदान तुझा आत्ताचा एक फोटो तरी पाठव, चाळीस वर्षांत पाहिलं नाही तुला.

मी म्हटलं, आई, काढते मी फोटो, पाठवू आणि खरं काय ते सांगून टाकू. फळीवर ती अर्धी ट्यूब होती आणि तिच्या शेजारी मी सकाळी ठेवलेली माझी बाटली. आईनं दोन्हींकडे पाहिलं नाही. मांडीवर काळी साडी ओढली आणि सुई उजेडाकडे धरली.

"फोटो कायले पाहिजे," ती म्हणाली. "पाहिलं ना तिनं आज मले."