राहत्या घरी

अर्जदार: मयताची विधवा पत्नी, वय पन्नाशीच्या आतबाहेर, धंदा शेतमजुरी, राहणार रामाकोन्याकडचे एक खेडे, तहसील सौसर, जिल्हा पांढुर्णा.
मयत: अर्जदाराचा पती.
मृत्यूची तारीख: अर्जात नमूद, तिच्याबद्दल कोणाचा वाद नाही.
मृत्यूचे ठिकाण: वादग्रस्त.
साक्षीदार क्रमांक एक: मयताचा सख्खा धाकटा भाऊ.
साक्षीदार क्रमांक दोन: गावचा कोटवार, म्हणजे सरकारी चौकीदार.
साक्षीदार क्रमांक तीन: गाडीचा चालक, बोलावले की येतो म्हणतो, येत नाही.
साक्षीदार क्रमांक चार: प्रस्तुत लेखक.

नावे मी येथे लिहीत नाही. ती मूळ अर्जात आहेत, अर्ज अजून एका कचेरीच्या टेबलावर आहे, आणि टेबलावरच्या कागदातली नावे बाहेर वाचू नयेत हा माझा आजवरचा नियम आहे.

मी सौसरच्या तहसील कचेरीसमोर अर्ज लिहितो. शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण मी इतरांच्या कागदांवर घेतले. अर्ज हिंदीत लिहितो, कारण मध्य प्रदेशचे सरकार हिंदीत वाचते. शोकपत्रिका मराठीत लिहितो, कारण आमच्याकडे रडतात मराठीत. वकील मंडळी माझ्या टेबलाकडे बघून हसतात, पण त्यांच्याकडून परत आलेला कागद शेवटी माझ्याकडेच येतो, हे मी नम्रतापूर्वक नमूद करतो.

माझा स्वभाव संशयी आहे असे घरचे म्हणतात. त्याला कारण आहे. पांढुर्ण्याला बसत होतो तेव्हा एका माणसाने आपला थोरला भाऊ मेला म्हणून माझ्याकडून शपथपत्र लिहून घेतले होते. डोळे पुसत सांगत होता, म्हणून मीही दोन वाक्ये जास्तीची, दुःखाची घातली. पुढच्याच बाजाराच्या दिवशी एक उंच, धडधाकट इसम टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ओ लेखकजी, मी मेलो मनून तुमीच लिवलं का? अक्षर मोठं सुंदर हाये." सुरतेच्या गिरणीतून तो सुटीवर आला होता. त्या दिवसापासून माझ्यासमोर कोणी मृत्यू सांगू लागला की मी आधी त्याच्या चपला पाहतो, मग डोळे, मग कागद.

आंबिया बहाराची संत्री तुटून बागा मोकळ्या झाल्या होत्या, तेव्हा ही बाई माझ्याकडे आली. मी तिला ओळखले. चार महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका तिने माझ्याकडूनच लिहून घेतली होती. आता तिला मृत्यूचा दाखला हवा होता. नवऱ्याच्या आणि दिराच्या सामाईक नावावर संत्र्याचा एक तुकडा आहे. दाखला नाही तर फौती नाही, म्हणजे मेलेल्याच्या जागी वारसाचे नाव चढणार नाही. आणि नाव चढले नाही तर सातबऱ्यासारख्या आमच्याकडच्या खसऱ्यावर मेलेला नवरा आणि जिवंत दीर, एवढेच राहतील.

तिने तीन कागद पुढे ठेवले. पहिला नागपूरच्या दवाखान्याचा: रुग्णाला नातेवाइकांनी स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेले. दुसरा पंचायत सचिवाचा शेरा: कोटवाराच्या वहीप्रमाणे मयतास गाडीतून मृतावस्थेत आणले, मृत्यू पंचायत हद्दीत नाही. तिसरा रस्त्यावरच्या एका कसब्याच्या नगर परिषदेचा, जिथे सचिवाने तिला पाठवले होते: सोबतच्या शोकपत्रिकेत मृत्यू राहत्या घरी झाल्याचे छापले आहे, सबब येथे नोंद करता येत नाही.

ज्यांना हे काम कधी पडले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दाखला माणूस जिथे राहत होता तिथे मिळत नाही; जिथे मेला तिथे मिळतो. खेड्यात कोटवार कळवतो आणि सचिव नोंद करतो. शहरात नगर परिषद करते, दवाखान्यात दवाखाना. एकवीस दिवसांच्या आत गेलात तर काम सोपे. त्यानंतर शपथपत्र आणि वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि वर्ष उलटले तर थेट दंडाधिकाऱ्याचा हुकूम. या बाईचे एकवीस दिवस केव्हाच संपले होते, आणि तिचा नवरा कागदोपत्री कुठेच मेला नव्हता.

"कुठे गेले ते?" मी विचारले.

"घरी."

"घरी म्हणजे घरात? खाटेवर?"

ती टेबलाच्या पायाकडे बघत राहिली. "घरीच म्हना ना भाऊ. तुमीच तर लिवलं."

मला ते उत्तर आवडले नाही. ज्याला खरे सांगायचे असते तो 'म्हणा' म्हणत नाही. मी मनातल्या मनात तीन शक्यता मांडल्या. एक: दवाखान्यातच मेला आणि शव गाडीत घालून आणले. दोन: बाई काही लपवते आहे. तीन, आणि ही मला सर्वात पटली: दिराने कोटवाराला हाताशी धरले आहे. खसऱ्यावर त्याचे नाव आहेच. वहिनीचे कागद दोन कचेऱ्यांच्या मधे लटकत राहिले तर नुकसान कोणाचे, फायदा कोणाचा? असे अनेक धाकटे भाऊ मी या टेबलावरून पाहिले आहेत.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांच्या गावी गेलो. अर्जदाराच्या गावी जाणे माझ्या कामात बसत नाही, पण संशय आला की मला टेबलाशी बसवत नाही.

कोटवार पारावर विडी पीत बसला होता. मी विचारले, वहीत असे कसे लिहिले.

"आता पाहा साहेब," तो म्हणाला, "गाडीतून काढलं तवा मान अशी लोळत होती. घरात जाऊन बाईनं हंबरडा फोडला का आत्ताच गेले मनून. मी बुढ्ढा माणूस, हजार मुर्दे उचलले. आत्ताचा मुर्दा अन् दोन घंट्याचा मुर्दा मले नाई समजत?"

"मग तिथेच का नाही बोललात?"

"बुढी बसून होती ना दारात. त्याची माय. तिचं एकच चालू होतं, माह्या पोराले माह्या दारात आना. तिच्यासमोर काय बोलू? वही लिहाची वेळ आली तवा त्याच्या भावाले इचारलं. त्यानं जे सांगतलं ते लिवलं."

भावाने सांगितले! माझा संशय पक्का झाला. मी बाईला बरोबर घेतले आणि विहाराच्या ओट्यावर दिराला गाठले. तो भिंतीला चुना मारत होता. पांढरे हात तसेच ठेवून खाली आला.

मी आवाज चढवूनच सुरुवात केली. "कोटवाराला तुम्ही काय सांगितले, आणि का सांगितले?"

"खरं सांगतलं," तो म्हणाला.

"खरे कोणाच्या सोयीचे? जमिनीवर नाव तुमचे."

त्याने माझ्याकडे नाही, वहिनीकडे पाहिले. "वैनी, याइले मी जमीन खाऊन राहिलो असं वाटते का तुले वाटते?"

"मी काई बोलली नाई," ती म्हणाली.

"तू कवाच काई बोलत नाई, हाच तर झगडा हाये!" त्याने हात फडक्याला पुसले आणि माझ्याकडे वळला. "पाहा भाऊ. दर पौर्णिमेले मी इथं बसून पंचशील घेतो. खोटं बोलनार नाई मनतो. लोक घेतात अन् घरी जाऊन इसरतात, ते त्याईचं त्याईपाशी. कोटवारानं तोंडावर इचारलं, कुठं गेला? नसतं इचारलं तर नसतं सांगतलं. इचारलं तर कसं सांगू का घरी गेला?"

"तुम्हाला कसे कळले कुठे गेला ते? कोटवार सांगतो, तुम्ही पुढे चालकापाशी होता."

मग बाईच बोलली. हे सगळे मी तिथे ओट्यावर बसून लिहून घेतले, म्हणून जसेच्या तसे देतो.

"सीमा पार केली, अन् त्याईच्या हाताची पकड सुटली. माह्या बोटाले धरून होते. मी मनलं झोपले असन. पायाले हात लावला त थंड. मी काई बोलली नाई. बोलली असती त गाडीवाल्यानं तिथंच उतरवलं असतं, सडकेवर. माय दारात बसून होती. मी तोंडात पानी टाकत राहिली. पानी बाहेर येऊन राहिलं होतं, मी पदरानं पुसत राहिली. मग चहाच्या टपरीवर गाडी थांबली. हे," तिने दिराकडे हनुवटीने खूण केली, "पान्याची बाटली घेऊन मागं आले. दार उघडलं. मले पाहिलं. त्याईच्या पायाकडे पाहिलं. कांबळं ओढून पाय झाकले अन् पुढं जाऊन गाडीवाल्याले मनलं, चाल, चहा नको."

दीर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"म्हणजे तुम्हाला दोघांनाही माहीत होते," मी म्हणालो.

"हाव," ती म्हणाली. "पन आमी एकमेकाले कवा सांगतलं नाई. आज तुमच्यासमोरच निंगालं."

मी पुष्कळ कुटुंबांचे कलह ऐकले आहेत; एकमेकांचे खोटे सांभाळणाऱ्या दोन माणसांचा कलह पहिल्यांदा ऐकला. ज्याला मी चोर ठरवून आलो होतो, तोच या बाईचा सर्वात पक्का साक्षीदार निघाला. कारण कायदा स्पष्ट आहे: चालत्या वाहनात मृत्यू झाला तर वाहन पहिल्यांदा जिथे थांबते तिथे नोंद होते. चहाची टपरी. त्या कसब्याची हद्द. नगर परिषदेने नोंद करायला हवी होती, आणि त्यांनी नाकारली ती एका पत्रिकेमुळे. ती माझी पत्रिका होती.

उठता उठता मी बाईला विचारले, "पत्रिकेत घरी असे तुम्ही लिहायला का सांगितले?"

तिने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिले. "मी कुठं सांगतलं भाऊ? तुमी इचारलंच नाई. नाव इचारलं, वय इचारलं, कार्यक्रम कुठं ते इचारलं. मग वाचून दाखवलं. त्यात घरी होतं. मले वाटलं, बरं झालं."

मी परत आलो. माझ्याजवळ पत्र्याची एक पेटी आहे. लिहिलेल्या प्रत्येक शोकपत्रिकेची एक प्रत मी तिच्यात ठेवतो. लोक हरवलेली तारीख विचारायला येतात, पुढच्या वर्षी स्मृतिदिनाचा मजकूर हवा असतो, वारसांची यादी पाहायची असते. तालुक्यात मृत्यूंची इतकी व्यवस्थित फाइल दुसऱ्या कोणाजवळ नाही, असे मी अभिमानाने सांगत आलो. त्या बाईची पत्रिका शोधायला मी पेटी उघडली आणि वरून वाचत खाली गेलो.

राहत्या घरी दुःखद निधन झाले. राहत्या घरी अल्पशा आजाराने. राहत्या घरी वृद्धापकाळाने. लोधीखेड्याचा एक जण ट्रॅक्टरखाली गेला होता, मी स्वतः मैतीला होतो: राहत्या घरी. तिगावच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहता पाहता बाकावरच गेलेली एक मास्तरीण: राहत्या घरी. नागपूरच्या दवाखान्यात महिनाभर नळ्या लावून पडलेला माझा स्वतःचा मेहुणा: राहत्या घरी, अक्षर माझेच. पेटीच्या तळापर्यंत एकही माणूस रस्त्यात, शेतात किंवा दवाखान्यात मेलेला नव्हता. मी कोणालाच विचारले नव्हते. साचा एकदा बसवला होता, त्यात नावे भरत गेलो. प्रत्येक जिवंत माणसावर संशय घेणाऱ्या मला आपल्या अक्षराचा संशय एकदाही आला नाही. आणखी किती घरांत असा दाखला अडकला असेल, हे मी अजून मोजू शकलेलो नाही.

आमच्या धंद्यात लिहिणारा साक्षीदार होत नाही. तळाशी 'लेखक' म्हणून सही करतो आणि बाजूला होतो. मी तो नियम मोडला. नव्या अर्जाला चार शपथपत्रे जोडायचे ठरले: बाईचे, दिराचे, कोटवाराचे आणि माझे. कोटवार सही करताना म्हणाला, "साहेब, तुमीबी आता आमच्याच रांगेत?" दीर सही करण्याआधी पूर्ण कागद दोनदा वाचत बसला, आणि एका जागी बोट ठेवून म्हणाला, "इथं 'मी वहिनीस धीर दिला' लिवलं. मी नाई देल्ला. फक्त पाय झाकले." मी ते वाक्य खोडले. चालक आला नाही. म्हातारीला यातले अजून कोणी काही सांगितलेले नाही.

तो अर्ज मी स्वतः त्या कसब्याच्या कचेरीत दिला. तिथल्या बाबूंनी तो नीट वाचला, सही करून पोच दिली, आणि विचारले, "काकाजी, तुमी सोताच्याच विरोधात लिवून आनलं?" मी होय म्हणालो. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी ओळखतो. ती माझीच आहे.

सबब, माननीय नोंदणी अधिकारी महोदयांस सविनय विनंती की, सोबतच्या शोकपत्रिकेतील 'राहत्या घरी' हे शब्द अर्जदाराचे नसून प्रस्तुत लेखकाचे आहेत, ते विचारपूस न करता लिहिले गेले, आणि त्यांचा पुरावा म्हणून उपयोग होऊ नये. गाडी आपल्या हद्दीतील टपरीवर थांबली. मयताचे पाय तेथे झाकले गेले. त्याच जागी मृत्यूची नोंद करून दाखला द्यावा, किंवा नाकारायचे असल्यास कारण लेखी द्यावे. उत्तर अर्जदाराच्या पत्त्यावर पाठवावे, आणि त्याची एक प्रत, मागणे गैरवाजवी नसेल तर, माझ्याकडेही. पेटीत ठेवायची आहे.