अब्बांच्या पायाची जखम

औंढ्यात देवळाच्या वाटेवर माझ्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान आहे. मागच्या हिवाळ्यात फुटलेल्या बांगडीची काच त्यांच्या तळपायात शिरली. साखरेच्या आजारानं तळपाय बधिर झालेले, त्यामुळे त्यांना ते कळलंच नाही. अम्मीला फरशीवर रक्ताचे डाग दिसले, तेव्हा शोधाशोध झाली.

काच निघाली, पण जखम भरेना. महिने गेले. रोज पट्टी बदलायची, आणि खाली तोच पिवळट, चिकट थर. कुणीतरी सांगितलं म्हणून मी 'ग्रोथ फॅक्टर' लिहिलेली मलमाची ट्यूब आणली. पेशींना वाढायला सांगणारं औषध, असं दुकानदार म्हणाला. ट्यूब संपली, जखम होती तेवढीच राहिली. आमच्या गल्लीतल्या एकाचा पाय असाच काढावा लागला होता. अब्बा त्याचा विषय काढत नसत, नुसते पायाकडे बघत बसायचे.

शेवटी हिंगोलीच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी जखम नीट पाहिली, ट्यूबबद्दल विचारलं आणि खुर्ची ओढून अब्बांसमोर बसल्या. म्हणाल्या, पेशींच्या भोवती प्रथिनांचं जाळं असतं. वाढीचा निरोप देणारी बरीच द्रव्यं त्या जाळ्यात अडकून असतात. जखम झाली की शरीर एन्झाइम सोडतं. ही एन्झाइम ते जाळं थोडं थोडं कापतात, निरोप मोकळे होतात आणि पेशी पुढं सरकतात. पण अब्बांच्या जखमेतली सूज हटतच नव्हती, त्यामुळे एन्झाइमही थांबत नव्हती. ती नवं जाळं खात होती, आणि आम्ही वरून लावलेलं औषधही.

"मंग ती एन्झाइमच मारून टाका न बाई," अब्बा म्हणाले.

"न्हाई चाचा. पार बंद केली तर निरोप सुटायचेच न्हाईत. बराबर पाहिजे तेवढीच ठेवायची."

त्यांनी वरचा मेलेला थर खरवडून काढला. अब्बांना काही जाणवलं नाही, मीच खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी जखमेवर कोलॅजनची, म्हणजे त्या जाळ्यातल्याच एका प्रथिनाची, पट्टी ठेवली. एन्झाइम तिच्यात गुंतून राहतील, तोवर तुमचं जाळं तयार होईल, असं सांगितलं. साखर आटोक्यात ठेवायची आणि त्या पायावर भार द्यायचा नाही, हे तर दोनदा बजावलं.

तेव्हापासून दुकानात अब्बा पाय लांब करून बसायचे. फळीवरच्या बांगड्या मी काढून द्यायची, ते बसूनच गिऱ्हाइकांच्या हातात भरायचे. बायका पायाची चौकशी करायच्या. अब्बा म्हणायचे, इलाज सुरू आहे.

एका सकाळी पट्टी काढली तर जखमेच्या कडेला गुलाबी किनार दिसली. मला खरं वाटेना. अम्मीनं पाय उजेडाकडे वळवून पाहिला आणि नवी पट्टी माझ्या हातात दिली. त्यानंतर ती किनार आत आत सरकत गेली आणि जखम लहान होत गेली.

गेल्या महिन्यात डॉक्टरबाईंनी अंगठ्यानं तळपाय दाबून पाहिला. जखम भरली, आता पट्टी नको, म्हणाल्या. पायात मात्र त्या सांगतील तेच बूट घालायचे.

"म्हणजे पाय ऱ्हायला?" अब्बांनी विचारलं.

"ऱ्हायला."

अब्बांनी रुमालानं डोळे पुसले. मी अम्मीला फोन लावून पाय वाचल्याचं सांगितलं. तिनं ते परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, येताना कोथिंबीर आणा, घरातली संपली.