निचरा उत्तम

कांचघर मोहल्ल्यातल्या मराठी बौद्ध कुटुंबांत घर बांधायचं ठरलं की वास्तुशास्त्री बोलावत नाहीत. दिशा, मुहूर्त, कोपरे हे सगळं आजोबांच्या पिढीनं सोडलं, आणि ते परत आणायचं नाही याबद्दल कोणाचं दुमत नाही. मात्र प्लॉटचा सौदा पक्का होण्याआधी कोणीतरी जाणता माणूस येऊन जमिनीकडे गंभीर चेहऱ्यानं पाहून गेला पाहिजे, ही गरज काही सुटली नाही. ती रामराव ढोके भागवतात. ते मातीवाले असल्यानं हा प्रकार विज्ञानात जमा होतो.

रामरावांची सगळी नोकरी मृदा सर्वेक्षणात गेली. मंडला, डिंडोरीकडच्या डोंगरांत ते कुदळ घेऊन चढत, उतारावर माणूसभर खड्डा खणत आणि खड्ड्यात उतरून त्याच्या भिंतीकडे बघत बसत. पगार बघण्याचा होता. चढ्या उतारावरच्या जंगलाची माती त्यांची विशेष लाडकी. वर पाचोळा, त्याखाली काळपट भुसभुशीत थर, मुळांनी विणलेला, मग तांबूस, गोट्यांनी भरलेला, मग खडक. पाऊस कितीही पडो, पाणी गाळणीतून गेल्यासारखं आत उतरतं आणि पुढे निघून जातं. ते थांबलं असतं तर मातीत करडे आणि गंजासारखे डाग दिसले असते. डाग नाहीत, म्हणजे पाणी मुक्कामाला राहत नाही. अशा जमिनीबद्दल ते अहवालात लिहीत, ‘तीव्र उतार, निचरा उत्तम’, आणि हे शब्द लिहिताना त्यांना जो आनंद होई तो त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही दिसत नाही.

स्वतः ते राहतात त्याच शहरातल्या अधारतालला, काळ्या मातीवर. ही माती पावसाळ्यात फुगते, तेव्हा न्हाणीघराचं दार लागत नाही; उन्हाळ्यात आकसते, तेव्हा तेच दार उघडत नाही. घर सासऱ्यांनी घेऊन ठेवलेलं होतं, त्यामुळे या जमिनीवर मत देण्याची संधी रामरावांना मिळाली नाही. कुसुमबाई, त्यांच्या पत्नी, रेल्वेच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी पाहून राहिले आणि घरचं दार दुरुस्त झालं नाही, असं त्या पाहुण्यांना चहासोबत सांगतात. रामराव ऐकून घेतात. माहिती बरोबर असते.

त्यांचा एक स्वभाव सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. विचारलं तेवढंच ते सांगतात. हा रस्ता स्टेशनला जातो का, असं कोणी विचारलं तर जातो म्हणतील. पुढे पूल खचलाय हे सांगणार नाहीत, कारण प्रश्न पुलाचा नव्हता. सरकारी नोकरीत हा गुण समजला जात असे.

समाजाचं सभागृह बांधायचं ठरलं तेव्हा समितीचा सचिव सुगत त्यांना स्कूटरवर बसवून शहराबाहेर घेऊन गेला. सुगत फॅक्टरीत सुपरवायझर आहे. चाळिशीतला, धडाडीचा, आणि नाही हा शब्द अर्धवट ऐकणारा. जागा एका टेकडीच्या पायथ्याशी होती. वरचा उतार चांगलाच उभा, त्यावर साग आणि धावडा दाटीनं वाढलेला. रामरावांनी उतारावर खड्डा घेतला, माती चुरली, हुंगली, ओली करून बोटांमध्ये ओढली.

“माती कशी हाय काकाजी?”

“निचरा उत्तम,” रामराव म्हणाले.

समितीनं टाळ्या वाजवल्याचं सांगतात. हॉल मोठा हवा म्हणून आपण टेकडीचा पायथा कापणार आहोत, तर मग त्या पाण्याचं काय होईल, हे कोणी विचारलं नाही. जेसीबी आला, पायथा कापला, आणि कापलेली टेकडी अडवून धरायला उंच भिंत बांधली. तीच हॉलची मागची भिंत झाली, तिच्यापुढे स्टेज. फॅक्टरीतल्या एका इंजिनियरनं जाता जाता सुचवलं म्हणून भिंतीत ओळीनं पाइपाचे तुकडे बसवले गेले. मागचं पाणी त्यातून बाहेर पडावं आणि खालच्या नालीतून निघून जावं, एवढंच त्यांचं काम.

ही भिंत पाहिली त्या दिवशी रामरावांचं जेवण कमी झालं. उतारावरून मोकळं निघून जाणारं पाणी आता भिंतीच्या पाठीशी येऊन उभं राहणार होतं, आणि जागा चांगली आहे असं जाहीरपणे म्हणणारा माणूस एकच होता. त्यानंतरच्या पावसाळ्यात जोराची सर येऊन गेली की ते ऑटो करून हॉलवर जायचे, पाइपांतून पाणी पडतंय हे बघायचे आणि घरी यायचे. पाणी पडत असे. समितीला वाटलं, यांना जागा फारच आवडली.

या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे त्यांना महिनाभर घरात बसावं लागलं. आणि याच महिन्यात सुगतच्या पुतणीचं, पायलचं, लग्न ठरलं. मुलाला सुट्टी जुलैत होती. मुहूर्त बघायचा नसल्यामुळे जुलै चालत होता, आणि हॉल समाजाचाच. शेजारच्या मिश्राजींनी भर पावसात लग्न म्हणून काळजी दाखवली, तेव्हा सुगतनं त्यांना अंधश्रद्धेवर थोडं समजावून सांगितलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी, सकाळी, हळदीसाठी मंडळी हॉलवर जमली. रामराव हिरवा चष्मा लावून कुसुमबाईंबरोबर आले. तीन दिवसांची झड नुकतीच थांबली होती. सुगतनं त्यांना हात धरून स्टेजकडे नेलं. भिंत निळी रंगवली होती आणि तिच्यावर ओळीनं मोठी गुलाबी कमळं काढलेली होती.

“पाहा काकाजी. एवढी झड झाली, पण भिंत कोरडी ठाक. याले म्हनते निचरा.”

जमलेल्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी रामरावांच्या पाया पडलं. रामराव भिंतीकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा त्या निळ्या रंगाच्या जवळपास गेला.

“पाइप कुठं हायेत?” त्यांनी विचारलं.

पाइप बुजवले होते. गेल्या वर्षी त्यांतून पाणी गळून भिंतीवर हिरवे ओघळ आले होते. फोटोत वाईट दिसलं असतं. पेंटरनं तोंडं सिमेंटनं भरली, वर पुट्टी ओढली आणि प्रत्येक तोंडावर एक कमळ काढलं, म्हणजे जागा सुनी दिसायला नको.

रामराव स्टेजवर चढले. भिंतीला तळवा लावला. मग भिंतीच्या कडेला जाऊन एक डोळा मिटून, चांगल्या डोळ्यानं, तिच्या लांबीवरून नजर टाकली. मधल्या भागात भिंत किंचित पुढे फुगली होती आणि नव्या रंगात केसाएवढी आडवी चीर पडली होती. खाली उतरून त्यांनी सांगितलं की कमळं फोडावी लागतील, सगळी, आत्ताच. नाही तर उद्याचं लग्न दुसरीकडे न्यावं लागेल.

आदल्या दिवशी लग्न दुसरीकडे न्या म्हणणाऱ्या माणसाकडे घरचे लोक कसं बघतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना भास होतात, अशी कुजबूज झाली. मांडववाल्यानं हिशेबाची गोष्ट काढली. सुगतचा आवाज चढला.

“काकाजी, तुमीच म्हटलं होतं जागा चांगली हाय. आज काहून असं बोलून राहिले?”

“मी मातीचं म्हटलं होतं. माती चांगलीच हाय.” रामराव थांबले. मग न विचारलेलं बोलले, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. “म्हनूनच तर सारं पानी खाली उतरून आलं. झाडाईनं ठेवलं नाही, मातीनं ठेवलं नाही. ते आता या भिंतीच्या मागं उभं हाय, अन् त्याले जागा नाही. भिंत कोरडी दिसून राहिली ना, त्याचंच मले भेव वाटते. हे मी तेव्हाच सांगाले पायजे होतं. पायथा कापू नका म्हनाले पायजे होतं.”

एवढं लांब बोलणं त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. त्याचाच परिणाम जास्त झाला असावा. कुसुमबाई पुढे आल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं ते गळू पाहावं तसं.

“आत भरलं असन तर फोडल्याशिवाय ठनका जात नाही,” त्या म्हणाल्या. “सब्बल कोनाजवळ हाय?”

तरी सुगत हलेना. कमळांचा रंग कालच वाळला होता. तेव्हा हळदीनं पिवळी झालेली पायल पाटावरून उठली. तिला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र ती हिंदीवर येते.

“काका, तोड दो ना. फूल तो फोटो में एडिट भी हो जाएँगे. दीवार नहीं होगी.”

रामरावांनी सगळ्यांना हॉलबाहेर काढलं. आत सुगत, पेंटर आणि ते स्वतः एवढेच राहिले, आणि सांगूनही न गेलेल्या कुसुमबाई. सुगतनं सब्बल, म्हणजे पहार, कडेच्या कमळावर मारली. पुट्टी पडली, सिमेंट पडलं, पाइपाचं तोंड उघडं झालं. काहीच झालं नाही. सुगतनं रामरावांकडे वळून पाहिलं. त्या नजरेत पुढच्या वर्षभराचे टोमणे तयार होते. रामरावांनी सब्बल पाइपात आत ढकलायला सांगितली.

ढेकूळ सुटलं आणि पाण्याची धार सुगतच्या छातीवर बसली. चहाच्या रंगाचं, थंडगार, हळदीसाठी घातलेला पांढरा कुर्ता एका क्षणात गढूळ करणारं पाणी. तो मागे सरकला, धार त्याच्यामागे स्टेजच्या मध्यापर्यंत आली. मग तो दुसऱ्या कमळाकडे गेला. तिसऱ्यापासून तो पेंटरला ओरडून घाई करत होता.

सगळी कमळं फुटली तेव्हा भिंतीतून ओळीनं पाणी कोसळत होतं आणि स्टेज नदीपात्र झालं होतं. रामराव खुर्ची टाकून समोर बसले. गढूळ पाणी म्हणजे मागची माती वाहून येतेय. ते स्वच्छ होईपर्यंत त्यांना भरवसा नव्हता. मंडळी बाहेर मांडवात हळद लावत होती, आणि अधूनमधून एकेक जण दारातून डोकावून रंग विचारून जात होता. चहा. मग फिका चहा. दुपार कलली तेव्हा रामरावांनी पाण्याखाली ओंजळ धरली आणि तिच्यातून त्यांना स्वतःच्या हाताच्या रेषा दिसल्या. त्यांनी पुन्हा कडेला जाऊन भिंतीच्या लांबीवर नजर टाकली. फुगवटा वाढला नव्हता. इंजिनियरलाही फोनवरून बोलावून घेतलं होतं. त्यानं तेच सांगितलं आणि स्टेज एवढ्यापुरतं समोरच्या बाजूला न्यायला लावलं. पावसाळा संपला की भिंतीला हॉलच्या बाजूनं टेकू बांधायचा, हे सुगतनं तिथेच मान्य केलं. त्या दिवशी त्यानं काहीही मान्य केलं असतं.

“आता करा लग्न,” रामराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लग्न व्यवस्थित लागलं. वधूवर पांढऱ्या कपड्यांत, त्रिशरण, पंचशील, आणि मागच्या भिंतीतून एकसारखा पाण्याचा आवाज. गोंदियाहून आलेल्या वराच्या मामांनी सुगतला बाजूला घेऊन विचारलं की हे कारंजं कोणत्या डेकोरेटरनं लावलं, आमच्याकडे पण एक लग्न आहे. सुगतनं चेहरा न हलवता सांगितलं, घरचाच माणूस आहे.

घरचा माणूस शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर, हिरवा चष्मा नाकावर घसरलेला, झोपला होता. पंगत बसली तेव्हा कोणी त्यांना उठवायला गेलं. कुसुमबाईंनी हातानंच थांबवलं.

“झोपू द्या जी. हॉल झाला तेव्हापासून हा मानूस पावसात झोपला नाही.”

त्यांनी ताट वाढून झाकून ठेवलं. पत्र्यावर पुन्हा सर आली, चांगली दणदणीत, लोकांना ओरडून बोलावं लागलं इतकी. रामरावांनी फक्त मान दुसऱ्या खांद्यावर टाकली.