साडूंचा फोनिक्स प्लॉट

आमचे थोरले साडू पृथ्वीतलावरच्या कुठल्याही गोष्टीवर, ती आधी शेजारी शेजारी चार सऱ्यांत लावून पाहिल्याशिवाय, विश्वास ठेवत नाहीत. साक्षात ब्रह्मदेव समोर उभा राहिला तरी ते म्हणतील, "बसा, अजून तिघं येऊ द्या." सोनईला त्यांचं बी-बियाणं आणि खत-औषधांचं दुकान आहे, आणि दुकानामागच्या अर्ध्या एकरात गेली तीस वर्षं प्रात्यक्षिकाचे प्लॉट चालू आहेत. चार सऱ्यांत चार कंपन्यांचे वाण, प्रत्येक सरीच्या तोंडाशी एक पाटी, आणि पाचवी सरी 'कंट्रोल'ची, म्हणजे जिला खत नाही, औषध नाही, कुणी वालीच नाही अशी. पीक उभं राहिलं की आसपासच्या शेतकऱ्यांना बोलावून पाहणी, आणि वर चहा-भेळ. या पाट्या नगरला माझ्या छापखान्यात छापल्या जातात. त्यामुळे साडूंच्या डोक्यात सध्या काय पेरलंय, ते अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीच्याही आधी मला कळतं.

हा प्रकार शेतापुरता राहिला असता तर माझी तक्रार नव्हती. पण मुलाच्या लग्नात साडूंनी चार आचारी बोलावले आणि चौघांना एकच वांग्याची भाजी करायला लावली. चार पंगती, चार भाज्या, आणि प्रत्येक पंगतीच्या टोकाला मी छापलेली पाटी. पाचव्या पंगतीला नुसतं वरण वाढलं. त्या पंगतीत नेमके व्याही बसले होते. "आमी काय पाप केलं?" असं त्यांनी विचारल्यावर साडू हात जोडून म्हणाले, "पाप न्हाई हो, तुमी कंट्रोलमदी हाय." व्याही अजून त्या शब्दाचा अर्थ लावताहेत. घरात दात घासायची पेस्टसुद्धा माणसागणिक वेगळ्या कंपनीची असते, आणि रविवारी सकाळी सगळ्यांना अंगणात ओळीनं उभं करून साडू तोंडं उघडायला लावतात.

असा हा माणूस एका गोष्टीला मात्र जन्मभर बिचकत आला. चारचौघांत मोठ्यानं वाचायला. रोजचा पेपर अक्का वाचते आणि साडू अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकतात. सोसायटीच्या सभेत अहवाल वाचायची पाळी आली की त्यांचा घसा बसतो, तो सभा संपून चहा आला की उठतो. एकदा मी खोदून खोदून विचारल्यावर त्यांनी सांगितलं. सातवीत असताना मास्तरांनी इंग्रजीचा धडा वाचायला उभं केलं, आणि हे एका शब्दावर अडले. पुढेही जाता येईना, खालीही बसता येईना. सगळा वर्ग हसला. पुढे दोन वर्षं गावातली पोरं त्यांना त्याच शब्दानं हाक मारायची. "कोणता शब्द?" मी विचारलं. साडूंनी सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "खावा."

म्हणून गेल्या वर्षी नातीच्या शाळेतून निरोप आला तेव्हा घरात सर्वात जास्त कोण हादरलं असेल तर साडू. ओवी सहा वर्षांची, गावातल्या इंग्रजी शाळेत मोठ्या गटात. बोलण्यात वकील, पण पुस्तक पुढे धरलं की मुकी. बाईंनी सांगितलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी थोडं फोनिक्स करून घ्या. जूनमध्येही वाचता आलं नाही तर पहिलीत न घालता आणखी वर्षभर मोठ्या गटातच बसवू. फोनिक्स म्हणजे अक्षराचं नाव न शिकवता त्याचा आवाज शिकवायचा आणि आवाजाला आवाज जोडत शब्द वाचायचा. अक्का म्हणाली, "म्हंजे आपली बाराखडीच की!" पण तिचं कोण ऐकतो? सून म्हणाली, एखादा चांगला प्रोग्रॅम बघून घेऊ. 'बघून' हा शब्द ऐकताच साडूंच्या अंगात वारं शिरलं.

त्या आठवड्यात दुकानात बियाण्याचे कमी आणि फोनिक्सचेच प्रतिनिधी जास्त आले. नगरहून आलेल्या एका क्लासच्या बाई लॅपटॉप उघडून सांगत होत्या, "सर, आमचा कोर्स सहा महिन्यांचा आहे." साडू म्हणाले, "म्हंजे उशिराचं वान. उगवन किती?" बाईंना वाटलं, आपण कुठं उगवलो, म्हणजे आपलं गाव कोणतं, ते हे विचारताहेत. त्यांनी "भिंगार" सांगितलं. "बरं, आठ दिवस सराव न्हाई झाला तर तग धरतं का? का माना टाकतं?" बाईंनी लॅपटॉप मिटला. तरी एकेक करून चार वाण ठरलेच. पहिला पुण्याचा, खरखरीत कागदाची अक्षरं बोटानं गिरवायचा. दुसरा मोबाईलमधला, त्यात एक पोपट शिकवतो. तिसरा भिंगारच्या बाईंचा, गाणी आणि हातवाऱ्यांचा. आणि चौथा पातळ पातळ चित्रांच्या पुस्तकांचा, कुरियरनं आलेला. आळीतल्या तीन घरांनी पोरं हसत हसत दिली. सुट्टीत पोर दिवसभर दुसऱ्याच्या दारात बसणार म्हटल्यावर आया साडूंना देव मानायला लागल्या. पाचवी सरी म्हणून शेजारच्या टेलरची मुलगी घेतली. तिच्या आईला साडू म्हणाले, "हिला कायबी शिकवायचं न्हाई, फकस्त बसवायचं." आई म्हणाली, "ते तर ती घरीबी करती."

मी पाट्या छापून दिल्या. सकाळी नऊला दुकानामागच्या शेडमध्ये पोरं ओळीनं बसत आणि प्रत्येकाच्या समोर वाणाची पाटी. चौथी पुस्तकांची सरी ओवीची, निदान कागदावर. प्रत्यक्षात आजोबांचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेजारची सरी जोमदार दिसली की ते ओवीला उचलून तिकडे बसवत. सोमवारी गिरवणं, गुरुवारी पोपट, रविवारी हातवारे. गिऱ्हाइकांना "पेरलेलं बी उकरून बघू नगा" म्हणून तीस वर्षं दटावणारा हा माणूस सकाळ-संध्याकाळ नातीपुढे पुस्तक धरून विचारत होता, "आलं का काही वर?" ओवी खाली बघे. आणि इकडे पंधरा दिवसांत टेलरची मुलगी, जिला काहीही शिकवायचं नव्हतं ती, चौघांचं ऐकून ऐकून खताच्या पोत्यावरची अक्षरं वाचायला लागली. साडूंनी मला फोन केला. आवाजात खरंखुरं दुःख होतं. "साडू, कंट्रोलच्या सरीत पानी शिरलं हो!"

मे महिन्याच्या शेवटी पीक पाहणी ठरली. मी 'विजेता वाण' अशी एक मोठी फ्लेक्स करून नेली. नावाची जागा मोकळी ठेवली होती. वीस-पंचवीस शेतकरी टोप्या सावरत बसले. पुण्याच्या वाणानं बोटानं हवेत अक्षरं काढत पाच शब्द वाचले. पोपटाच्या वाणानं सात वाचले, पण पोपटाच्याच आवाजात, आणि त्याची आई म्हणाली की तो जेवायलाही त्याच आवाजात मागतो. हातवाऱ्यांच्या वाणानं पहिल्याच अक्षराला चहाची किटली पाडली. मग साडूंनी ओवीला उभं केलं. ती पुस्तक धरून उभी राहिली. एक मिनिट गेलं. तिची मान हळूहळू पुस्तकात गेली. मागून कुणीतरी म्हणालं, "शेठ, हे बी फसलं जनू!" त्यात वाईट हेतू काही नव्हता, पण सगळे हसले. मीही हसलो. सांगायला लाज वाटते, पण हसलो.

साडू हसले नाहीत. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. सातवीचा वर्ग आपणच पुन्हा भरवलाय, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, ओवीच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि तिच्या शेजारी उभं राहून स्वतः मोठ्यानं वाचायला लागले. कोंबडीचं चित्र होतं, खाली एक ओळ. "द... फा... फाट..." मग कुणाला तरी वाटलं शेठ गंमत करताहेत, आणि पुन्हा हसू पिकलं. साडूंच्या कपाळावरून घाम चष्म्यावर आला. ते पुढच्या शब्दावर अडले ते अडलेच. पण खाली बसले नाहीत.

ओवीनं मान वर केली. "आबा, आसं न्हाई वो. आवाज जोडायचे." तिनं त्यांचं बोट धरून शब्दाखाली ठेवलं. "फॅट. मंग ह... ए... न. हेन. कोंबडी हाय ती." मग तेच बोट ओढत पुढे नेलं. "सॅट. ऑन. अ. बिग. बॉक्स. म्हना." साडूंनी तसंच म्हटलं. "आता पान पलटा," ओवी म्हणाली. पान पलटलं. तिनं ते पुस्तक आजोबांकडून शेवटापर्यंत म्हणवून घेतलं, आणि भेळ तोवर मऊ पडली. निघताना एका शेतकऱ्यानं विचारलं, "मंग शेठ, कोनतं वान घ्यावं म्हनता?" तीस वर्षांत पहिल्यांदा साडूंनी शिफारस केली नाही. "काय की," एवढंच म्हणाले. माझ्या फ्लेक्सवर दुसऱ्या दिवशी अक्कानं कुरडया वाळत घातल्या. मी हळूच विचारलं, सोंग होतं का ते, मुद्दाम अडण्याचं? अक्का म्हणाली, "सोंग कशाचं, दाजी? खरंच अडलं हुतं त्ये."

जूनमध्ये ओवी पहिलीत गेली. रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर साडू मोठ्यानं वाचायचे आणि ती चुका काढायची. गिऱ्हाईक ताटकळत उभं राहायचं. कधी साडू अडले की गिऱ्हाईकच म्हणायचं, "जोडा शेठ, आवाज जोडा." पावसाळा गेला, दिवाळी गेली. परवा त्यांचा फोन आला. मला वाटलं पाट्यांचं काम असेल.

"साडू, ओवी आता मनातल्या मनात वाचती," ते म्हणाले. "व्हटबी हलत न्हाईत. मी म्हनलं वाच की मोठ्यानं, तर म्हनती, आबा, गडबड करू नगा. मनात वाचल्यालं आपल्याला कसं कळायचं हो?"

मी म्हणालो, "नाही कळत. उगवलंय असं धरून चालायचं."

"व्हय," म्हणाले. मग आवाज खाली आणून सांगायला लागले. "काल तिच्या मागं हुबा हुतो. तिच्या पुस्तकात त्यो शब्द आला. माझा. सातवीतला. मी म्हनलं, आता ही अडती. श्वास धरून बघत हुतो. अडली न्हाई हो, साडू. थांबलीसुदिक न्हाई. तशीच पुढं गेली."

कोणता शब्द, हे मी यावेळी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितला. अगदी साधा शब्द होता. मी छापखानेवाला माणूस, पण तो छापायचा नाही असं ठरवलंय.