हारुन हवालदारांनी अडवलेल्या लॉऱ्या

नाशिकपासून तीन कोसांवर, गोदावरीच्या काठी आमचं गाव. तिथल्या छोट्याशा म्युनिसिपालिटीत मी हजेरी लिहायचो. पुढं नोकरीत कितीतरी साहेब पाहिले, पण वरिष्ठ म्हटलं की मला अजून आमचे मुकादम हारुन हवालदारच आठवतात.

हारुनभाई चौदा सालच्या मोठ्या लढाईत समुद्रापार बसऱ्याला जाऊन आलेले. पलटणीतून निवृत्त होऊन १९३४ साली ते रस्त्याच्या टोळीवर मुकादम झाले. उंच, ताठ, दाढीला मेंदी. पहिल्याच दिवशी त्यांनी गडी-बायांना ओळीत उभं केलं. शिट्टी वाजली की पाट्या उचलायच्या, पुन्हा वाजली की ठेवायच्या. काम झपाट्यानं व्हायला लागलं. पंधरा दिवसांनी मैना नावाची पोटुशी बाई शिट्टीआधी पाणी प्यायला निघाली, तर त्यांनी तिला परत फिरवलं. ती उन्हात खाली बसली ती उठेना. तेव्हा बायांमधली वडीलधारी मंगलाबाई पाटी ठेवून पुढं आली.

“हवालदार, पलटणीत तुमाला कोण इचारत नव्हतं, म्हणून तुमी आमाला इचारायचं नाय का?”

हारुनभाईंनी मैनेला सावलीत न्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, “मंगलाबाई, ऊन चढायच्या आत कुठला तुकडा उरकावा?” त्यानंतर रोज विचारायचे. काम जरा हळू झालं, पण टोळी सोडून कुणी गेलं नाही.

१९३७ च्या श्रावणात नदीला पूर आला. गावाखालच्या मळ्यात नाथा, त्याची बायको आणि म्हातारी आई अडकली. छावणीतून होड्या घेऊन दोन लष्करी लॉऱ्या आल्या. मोठा रस्ता पाण्याखाली होता, म्हणून त्या भाजीबाजारात शिरल्या आणि तिथं वळेनात. आमची टोळी पुराच्या कामाला बाजारातच होती. कॅप्टन खाली उतरला. हारुनभाईंच्या जुन्या खाकी कोटावरची हवालदारकीची पट्टी पाहून त्यानं हुकूम सोडला, “हवालदार, ये सब छप्पर गिरा दो.”

छपरं पंधरा भाजीवाल्यांची. आमच्या गड्यांच्या हातात पहारी तयार होत्या. हारुनभाईंचे पाय सवयीनं जुळले, हात सलामीला कपाळाशी गेला. मग हिंदुस्थानीतच शांतपणे म्हणाले, की बाजार गावाचा आहे, पाडायचा तर गावानं निवडलेल्या अध्यक्षांचा हुकूम लागेल.

“कौन है तुम्हारा अध्यक्ष?” कॅप्टनचा चेहरा लाल झाला होता.

“तांबे के बर्तन बेचते हैं, साहब. अभी बुलाता हूँ.”

टोळीतला भिका धावत गेला आणि अध्यक्ष गोटीरामशेठना भिजल्या धोतरानिशी घेऊन आला. शेठनी वळण पाहिलं, भाजीवाल्या बायांशी बोलले आणि कोपऱ्यातली तीनच छपरं उतरवायला सांगितली, तीही आधी माल हलवून. यात अर्धा तास गेला. कॅप्टन घड्याळ हातात धरून उभा होता.

होड्या पोचल्या. तिघंही सुखरूप आली. नाथाचा एक बैल मात्र वाहून गेला.

संध्याकाळी मी हारुनभाईंना विचारलं, “माणूस गेलं असतं तर?”

ते म्हणाले, “तर मला जन्मभर झोप लागली नसती. पण उद्या छपराचा जाब त्या बायांनी कुणाला विचारायचा? साहेब छावणीत जाणार. शेठ रोज दुकानात बसतात. चुकले तर लोक पुढच्या निवडणुकीत पाडतील त्यांना. बसऱ्याला चुकलेल्या साहेबाला पाडायचं आमच्या हातात नव्हतं.”

पाणी ओसरल्यावर ते नाथाकडे गेले. मी सोबत होतो. उशीर का झाला, कुणामुळे झाला, सगळं त्यांनी उभ्यानं सांगितलं. शेठचं नाव घेतलं नाही, म्हणाले, “मी थांबवलं.” नाथानं पाठ फिरवली. आठ दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हाही तो बोलला नाही. हारुनभाईंनी फावडं उचललं आणि त्याचा फुटलेला बांध घालायला लागले. मीही मग धोतर खोचलं.

तिसऱ्या खेपेला नाथानं ओसरीवर घोंगडी टाकली. कांद्याचं रोप यंदा कधी टाकावं, यावर दोघं दिवस मावळेपर्यंत बोलत बसले.